काखा वर

मागचा नोव्हेंबर, हॅलिफॅक्स, बाहेर दोन अंश,
खिडकीच्या काचेवर मुलांच्या श्वासाचं धुकं,
आणि फळ्यावर वर्गसमीकरण लिहायला मी हात उचलला की
ब्लाउजवर उगवायचं ओलं वर्तुळ.
त्याची त्रिज्या मला पाठ होती.
पहिल्या तासाला दोन बोटं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धी वीत.

उन्हाळ्यात सगळेच घामाघूम, निमित्त मिळतं.
थंडीत भिजणाऱ्या बाईला कसलं निमित्त?
लोकांना वाटतं, घाबरली असेल.
मग मी खरंच घाबरते.
मग आणखी.

आमच्या भाषेनं कौतुक केलं ते कपाळावरच्या घामाचं.
तो गाळायचा, त्याचा दाम मागायचा,
त्यावर भाषणं ठोकायची.
काखेच्या वाट्याला आला एक कळसा
आणि गावाला वळसा.

तो मीही घातला. लिंबू, सोडा, कापूर घातलेलं खोबरेल.
नणंदेनं सांगितलं म्हणून मेथी सोडली, लाडवातलीसुद्धा.
काळी कार्डिगन चार.
पिशवीत दुसरा ब्लाउज, प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून,
चोरीचा माल असावा तसा.

स्टाफरूममध्ये एकदा जिल प्रेस्कॉटनं खिडकी उघडली.
बोलली काहीच नाही. बाहेर बर्फ पडत होता.
जिलला मी कधीच क्षमा केली.
खिडकीला अजून नाही.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या नाझमीननं
आवाज न चोरता सांगितलं:
रात्री लावा, सकाळी नाही. अगदी कोरड्या कातडीवर.
त्या दिवशी वस्तरा नको, चुरचुरेल.
सकाळी धुऊन टाका, आणि थोडे दिवस धीर धरा.
नाहीच जमलं तर डॉक्टर, त्यांच्याकडे पुढचे उपाय आहेत.
आणि हे बघा, घामाला स्वतःचा वास नसतो,
त्याच्यावर जगणारे जीव असतात, त्यांचा तो.
एवढं एक वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवलं.

बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम वाचलं आणि आठवली तुरटी,
सलूनवाला दिगंबर दाढीनंतर
बाबांच्या गालावर फिरवायचा ती,
बर्फासारखी दिसणारी, जिभेला तुरट.
हे औषध तिच्याच भावकीतलं निघालं.

आता रोज रात्री मी पलंगावर बसते, दोन्ही हात डोक्यावर,
सुकायची वाट बघत.
विश्राम विचारतो, कुणाला शरण चाललीस?
काखा वर केल्या, मी म्हणते,
आणि मराठीत हे कुणाबद्दल म्हणतात ते आठवून
दोघं हसतो.
हसलं की पुन्हा ओलं. पुन्हा दहा मिनिटं.

गुण आला. बराचसा.
वर्तुळ आता नाण्याएवढं,
पालकसभेला मात्र बशीएवढं.

पण मला सांगायचं होतं ते रीस हॉलरॉइडचं.
तिसरा बाक, जूनमध्येही ब्लेझर न काढणारा,
कोपर बरगड्यांना शिवल्यासारखे.
उत्तर येतं त्याला. ओठ हलतात.
हात वर येत नाही.
भोवती स्प्रेचा ढग, डोळे चुरचुरतील असा,
आणि ढगाखाली जे आहे ते मी ओळखते,
परक्या स्टेशनवर गावचा माणूस
बोलीवरून ओळखावा तसं.

काय सांगणार? कुठल्या तोंडानं?
सोमवारी मी वर्गाचा नियम बदलला.
यापुढे कुणीच हात वर करायचा नाही.
छोट्या पांढऱ्या पाट्या वाटल्या, एकेक मार्कर.
उत्तर लिहा, छातीशी धरा.
का मिस, कुणीतरी विचारलं.
मला बघायला सोपं पडतं, म्हटलं.

एकोणतीस पाट्या. रीसची बरोबर. अक्षर गिचमिड.
मी फळ्याकडे वळले,
कार्डिगन खुर्चीवरच राहिलं होतं,
हात उचलला.
मागे फिसकन कुणीतरी हसलं.
बहुधा रीस नव्हता.
मी समीकरण पूर्ण केलं.